उत्क्षेपण आसन व लष्करी प्रदर्शन-उड्डाणे

उत्क्षेपण आसन : लढाऊ अथवा प्रशिक्षण विमानातील वैमानिकास आणीबाणीच्या प्रसंगी आसनासह विमानाबाहेर फेकून हवाई छत्रीच्या साहाय्याने जमिनीवर उतरविणाऱ्या साधनास उत्क्षेपण आसन असे म्हणतात. वैमानिकांच्या बोलीत त्याचे ‘इजेक्शन सीट’ हे नाव रूढ आहे. जेट विमानांचे वेग वाढल्यावर वैमानिकाला स्वतःच्या बळावर कक्षाबाहेर पडणे अशक्य झाले आणि या साधनाची निकड निर्माण झाली. गेल्या आठ दशकांत त्याने हजारो वैमानिकांचे प्राण वाचविले आहेत. तथापि त्याचे कार्य उंची, वेग, विमानाची स्थिती व निर्णयास लागणारा वेळ या चार मर्यादांनी बांधलेले असते. लष्करी विमानांची हवाई कसरतींची प्रदर्शने नेमकी या मर्यादांच्या काठावर होत असल्याने प्रदर्शन-उड्डाणांचा इतिहास हा या आसनाच्या सामर्थ्याचा व अपुरेपणाचाही इतिहास ठरतो. महाराष्ट्राचा या विषयाशी जवळचा संबंध आहे. नाशिकजवळील ओझर येथे लढाऊ विमाने बनतात, पुण्याजवळील लोहगाव हा हवाई दलाचा महत्त्वाचा तळ आहे आणि मुंबईच्या किनाऱ्यावर हवाई कसरतींची प्रदर्शने झालेली आहेत.

इतिहास : विमानातून वैमानिकास यांत्रिक बळाने बाहेर काढण्याची कल्पना पहिल्या महायुद्धाच्या सुमारास पुढे आली. रूमानियन संशोधक आनास्तासे ड्रागोमीर यांनी १९२० नंतरच्या दशकात फेकले जाणारे आसन तयार करून त्याच्या चाचण्या घेतल्या. त्या काळातील विमानांचे वेग कमी होते. वैमानिक कक्षाच्या कडेवरून उडी घेऊन छत्री उघडू शकत असे. त्यामुळे या शोधाला उठाव मिळाला नाही. दुसऱ्या महायुद्धात परिस्थिती पालटली. ताशी ५००–६०० किमी. वेगाने जाणाऱ्या विमानातून उडी घेणारा वैमानिक हवेच्या झोताने मागे लोटला जाऊन शेपटीवर आदळण्याचा संभव असे.

जर्मनीतील हाइन्केल कंपनीने दाबयुक्त हवेवर चालणारे आसन बनविले. १३ जानेवारी १९४२ रोजी चाचणी वैमानिक हेल्मूट शेंक यांच्या हाइन्केल-२८० विमानावर बर्फ साचून ते अनियंत्रित झाले व त्यांनी या आसनाच्या साहाय्याने सुटका करून घेतली. प्रत्यक्ष संकटात उत्क्षेपण आसन वापरण्याची ही पहिली घटना होय. त्याच सुमारास स्वीडनमधील साब कंपनीही अशा आसनावर काम करीत होती.

ब्रिटनमधील प्रयत्नांना एका मृत्यूची पार्श्वभूमी आहे. जेम्स मार्टिन यांचे भागीदार व चाचणी वैमानिक कॅप्टन व्हॅलेंटाइन बेकर हे १२ सप्टेंबर १९४२ रोजी एंजिन बिघडून झालेल्या अपघातात मरण पावले. त्यानंतर वैमानिकाची सुरक्षितता हाच मार्टिन यांच्या कामाचा मुख्य विषय बनला. २४ जुलै १९४६ रोजी त्यांच्या कारखान्यातील कर्मचारी बर्नार्ड लिंच हे उडत्या मीटिओर विमानातून या आसनावरून बाहेर फेकले जाऊन सुखरूप उतरले. ३० मे १९४९ रोजी जो लँकास्टर या चाचणी वैमानिकाने संकटात मार्टिन-बेकर आसनाचा प्रथम वापर केला.

आरंभीच्या आसनांत वैमानिकाला बाहेर पडल्यावर स्वतःच पट्टे सोडवून आसन दूर लोटावे लागे व छत्रीची दोरी ओढावी लागे. त्यास पुरेशी उंची व शुद्ध लागत असे. पुढील दशकात ही सर्व क्रिया स्वयंचलित झाली. ३ सप्टेंबर १९५५ रोजी धावपट्टीवर धावत असलेल्या मीटिओरमधून स्क्वॉड्रन लीडर जॉन फायफील्ड यांनी यशस्वी उत्क्षेपण करून दाखविले. मात्र त्यासाठी विमानास पुढे वेग असणे आवश्यक होते. हीही अट दूर करण्यासाठी आसनाखाली रॉकेट बसविण्यात आले. १९६१ मध्ये स्क्वॉड्रन लीडर डॉडी हे यांनी जमिनीवरच्या स्थिर आसनावरून उत्क्षेपण करून घेतले. शून्य उंची व शून्य वेग असतानाही काम देणाऱ्या अशा आसनास ‘शून्य-शून्य’ आसन म्हणतात. सोव्हिएत संघात झ्वेझदा या संस्थेने गाय सेव्हेरिन यांच्या नेतृत्वाखाली के-३६ हे आसन विकसित केले. हातपाय जखडून ठेवणारी व्यवस्था, हवेचा झोत अडविणारी झडप आणि आसनाला स्थैर्य देणारे लांब दांडे ही त्याची वैशिष्ट्ये होत.

रचना व कार्य : वैमानिकाच्या मांड्यांमध्ये अथवा डोक्यावर असलेली मूठ ओढली की पुढील सर्व क्रिया ठरलेल्या क्रमाने आपोआप घडतात. प्रथम कक्षावरील पारदर्शक आच्छादन उडविले जाते किंवा त्यात बसविलेल्या स्फोटक दोऱ्याने फोडले जाते. नंतर आसनामागील नळीतील काडतुसे पेटून आसन रुळांवरून वर ढकलले जाते. ते विमानाबाहेर पडत असताना रॉकेट पेटते व त्याला आणखी उंची देते. लगेच एक छोटी छत्री उघडून आसनाचे गडगडणे थांबविते. उंची अधिक असल्यास वायुदाबावर चालणारी यंत्रणा मुख्य छत्री रोखून धरते. विरळ व थंड हवेतून वैमानिक खाली आल्यावरच ती उघडते. उंची कमी असल्यास मुख्य छत्री तत्काळ उघडते, आसन सुटून पडते व वैमानिक छत्रीला लटकत खाली येतो. मूठ ओढल्यापासून छत्री उघडेपर्यंत आधुनिक आसनास दोन-तीन सेकंद पुरतात.

या अल्पावधीत शरीरावर गुरुत्वाच्या बारा ते वीस पट प्रवेग येतो. हा भार मुख्यतः पाठीच्या कण्यावर पडत असल्याने मणके दबून मोडण्याची इजा सर्वांत अधिक आढळते. वैमानिक ताठ बसलेला नसेल, त्याचे डोके पुढे झुकलेले असेल किंवा पट्टे सैल असतील, तर इजेचा धोका वाढतो. उत्क्षेपणानंतर वैमानिक स्वतःच्या पायांनी चालत असला, तरी त्याच्या कण्याची तपासणी केल्याशिवाय त्याला पुन्हा उड्डाणाची अनुमती मिळत नाही. भारतात या विषयावरील वैद्यकीय काम बंगळुरू येथील हवाई दलाच्या वायु-अवकाश वैद्यक संस्थेत चालते.

‘शून्य-शून्य’ या संज्ञेमुळे एक गैरसमज होतो. असे आसन कोणत्याही स्थितीत जीव वाचविते, असे सामान्यतः मानले जाते. वस्तुतः ही क्षमता विमान जमिनीवर सरळ व स्थिर उभे असल्याच्या स्थितीसाठी सांगितलेली असते. विमान वेगाने खाली येत असेल, तर आसनाला मिळणारा वरच्या दिशेचा वेग त्या उतरणीच्या वेगातून वजा होतो. विमान उलटे असेल, तर आसन जमिनीच्याच दिशेने फेकले जाते. ताशी ५४० किमी. वेगाचे विमान दर सेकंदास १५० मी. अंतर कापते. त्याचे नाक क्षितिजाखाली ३० अंश झुकलेले असल्यास दर सेकंदास ७५ मी. उंची घटते. अशा विमानातील वैमानिकाने १५० मी. उंचीवर संकट ओळखले, तर त्याच्यापाशी केवळ दोन सेकंद उरतात. संकट ओळखणे, विमान सावरणार नाही असा निर्णय घेणे, मूठ ओढणे व छत्री उघडणे हे सर्व तेवढ्यात व्हावयाचे असते.

प्रदर्शन-उड्डाणांचे स्वरूप : नेहमीच्या लष्करी उड्डाणात उंची ही वैमानिकाची शिल्लक असते. हजारो मीटर उंचीवर एंजिन बंद पडल्यास विचार करण्यास, एंजिन पुन्हा सुरू करण्यास व शेवटी बाहेर पडण्यास वेळ मिळतो. प्रदर्शनात ही शिल्लक जाणूनबुजून खर्च केलेली असते, कारण प्रेक्षकांना विमान जवळून दिसावे लागते. समूह-कसरतींत विमाने एकमेकांपासून काही मीटरांच्या अंतरावर उडतात. अनुयायी वैमानिकाची दृष्टी नेत्याच्या विमानावर खिळलेली असल्याने जमिनीचे भान मुख्यतः नेत्यानेच ठेवावयाचे असते. याखेरीज प्रेक्षकांसमोर कसरत अर्धवट सोडण्याचा संकोच आणि विमान गर्दीपासून दूर नेण्याचे कर्तव्य ही दोन्ही ओझी वैमानिकाच्या मनावर असतात. दुसऱ्या कारणासाठी अखेरपर्यंत नियंत्रण दांडी न सोडता प्राण गमावलेल्या वैमानिकांची उदाहरणे अनेक देशांच्या हवाई दलांत सांगितली जातात.

परदेशांतील घटना : ६ सप्टेंबर १९५२ रोजी इंग्लंडमधील फार्नबरो येथे डी हॅविलँड-११० हे विमान प्रदर्शन चालू असताना हवेत मोडले. वैमानिक जॉन डेरी, त्यांचे सहकारी टोनी रिचर्ड्‌स व २९ प्रेक्षक मृत्युमुखी पडले. ब्रिटनमध्ये प्रदर्शनांचे नियम यानंतर कडक झाले आणि प्रेक्षकांच्या डोक्यावरून कसरती न करण्याचे तत्त्व दृढ झाले. या तत्त्वाकडे दुर्लक्ष झाल्याचे परिणाम २८ ऑगस्ट १९८८ रोजी पश्चिम जर्मनीतील रामश्टाइन येथे दिसले. इटलीच्या ‘फ्रेच्चे त्रिकोलोरी’ या पथकातील तीन विमाने परस्परांवर आदळली व त्यांपैकी एक गर्दीत कोसळले. तीन वैमानिकांसह ७० जण मरण पावले. एका वैमानिकाने उत्क्षेपण केले होते. पण छत्री पुरती उघडण्यापूर्वीच तो जमिनीवर आदळला.

८ जून १९८९ रोजी पॅरिसजवळील ल बूर्जे येथे मिग-२९ हे विमान मंद वेगाने, नाक उंचावून जात असताना त्याच्या एका एंजिनात बिघाड झाला. पक्षी आत ओढला गेल्याचे कारण नंतर सांगण्यात आले. विमान नाकावर कोसळत असताना वैमानिक आनातोली क्वोचुर सुमारे ९० मी. उंचीवर बाहेर पडले व बचावले. १२ जून १९९९ रोजी त्याच ठिकाणी सुखोई-३० एमके या विमानाची शेपटी कसरतीच्या अखेरीस जमिनीला घासली. विमान पेट घेऊन पुन्हा थोडे वर उठले तेवढ्यात दोन्ही वैमानिक बाहेर पडले. या दोन घटनांमुळे के-३६ आसनाची ख्याती जगभर पसरली. परंतु २७ जुलै २००२ रोजी युक्रेनमधील ल्विव्हजवळच्या स्क्निलिव्ह विमानतळावर तशाच आसनांनी सुखोई-२७ विमानाच्या दोन्ही वैमानिकांना वाचविले, तेव्हा त्यांचे विमान प्रेक्षकांत घुसून ७७ जण मरण पावले होते. पुढे वैमानिकांना व काही अधिकाऱ्यांना न्यायालयाने कारावासाच्या शिक्षा दिल्या. आसनाचे यश व प्रदर्शनाचे अपयश या एकाच क्षणी घडणाऱ्या गोष्टी असू शकतात, हे या घटनेवरून स्पष्ट होते.

१४ सप्टेंबर २००३ रोजी अमेरिकेतील आयडाहो राज्यात ‘थंडरबर्ड्‌स’ पथकाच्या एका एफ-१६ विमानाचा अपघात झाला. उलटे होऊन खाली अर्धवर्तुळ घेण्याची कसरत वैमानिकाने जमिनीपासून सुमारे ७६० मी. उंचीवर सुरू करावयाची होती. प्रत्यक्षात ती सुमारे ५१० मी. उंचीवर सुरू झाली. पथकाचा मूळ तळ समुद्रसपाटीपासून कमी उंचीवर होता व प्रदर्शनाचे ठिकाण अधिक उंचीवर होते. वैमानिकाने सवयीने मूळ तळाचा आकडा धरला होता. तो विमान आदळण्यापूर्वी एका सेकंदापेक्षाही कमी अवधी असताना बाहेर पडला व वाचला. त्यानंतर या कसरतीच्या आरंभीची उंची वाढविण्यात आली आणि उंची पुकारण्याची पद्धत बदलली. दख्खनच्या पठारावर व कोकणच्या किनाऱ्यावर अशा दोन्हीकडे प्रदर्शने करणाऱ्या भारतीय पथकांनाही हा धडा लागू आहे. लोहगावची धावपट्टी समुद्रसपाटीपासून सुमारे ५९० मी. उंचीवर आहे, मुंबईचा मरीन ड्राइव्ह समुद्रालगत आहे. किनाऱ्यावर हाताशी बसलेला आकडा पठारावर वापरला गेल्यास वैमानिकाच्या खालची सर्व शिल्लक नाहीशी होते.

आसनाच्या देखभालीतील त्रुटी किती घातक ठरते याचे उदाहरण म्हणजे ब्रिटनच्या ‘रेड ॲरोज’ पथकातील फ्लाइट लेफ्टनंट शॉन कनिंगहॅम यांचा मृत्यू होय. ८ नोव्हेंबर २०११ रोजी स्कॅम्पटन तळावर त्यांचे हॉक विमान जमिनीवर उभे होते व ते उड्डाणपूर्व तपासणी करीत होते. आसनाची मूठ आधीच सुरक्षित जागेवरून सरकलेली होती. तरीही सुरक्षा-खीळ तिच्यात बसू शकत असल्याने ती सुरक्षित असल्याचा भास होत होता. आसन अकस्मात सुटले. शून्य उंची व शून्य वेग असतानाही या आसनाने वैमानिकास वाचविणे अपेक्षित होते. परंतु छत्री ओढणाऱ्या जोडकडीचा बोल्ट प्रमाणाबाहेर आवळला गेल्याने कडी सुटली नाही व मुख्य छत्री उघडली नाही. या प्रकरणी मार्टिन-बेकर कंपनीने दोष मान्य केला व २०१८ मध्ये तिला ११ लक्ष पौंड दंड झाला. ज्या कंपनीच्या आसनांनी, तिच्याच नोंदींनुसार, ७,७०० पेक्षा अधिक प्राण वाचविले आहेत, तिच्या आसनात एका बोल्टाच्या आवळणीने एक प्राण गेला.

भारतातील प्रदर्शन पथके व अपघात : भारतीय हवाई दलाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात, १९८२ मध्ये, विसाव्या स्क्वॉड्रनमधील हंटर विमानांचे ‘थंडरबोल्ट्‌स’ हे नऊ विमानांचे पथक स्थापन झाले. हंटर विमाने निवृत्तीच्या मार्गाला लागल्यावर त्या दशकाच्या अखेरीस ते संपुष्टात आले. ८ ऑक्टोबर १९८९ रोजी वायुसेना दिनी दिल्लीतील पालम येथे मिराज-२००० विमान कमी उंचीवरील कसरतीत कोसळून विंग कमांडर रमेश बक्षी मरण पावले.

१९९६ मध्ये बीदर येथे ‘सूर्यकिरण’ पथक स्थापन झाले. मराठी भाषकांची मोठी वस्ती असलेला हा सीमावर्ती जिल्हा हवाई दलाच्या प्रशिक्षणाचे जुने केंद्र आहे. हिंदुस्थान एरोनॉटिक्सने बनविलेली किरण मार्क-२ ही प्रशिक्षण विमाने पथकाने स्वीकारली. त्यांत मार्टिन-बेकरच्या चौथ्या श्रेणीतील जुन्या धर्तीची आसने होती. जमिनीलगत काम देण्यासाठी त्यांना विमानाचा काही पुढचा वेग आवश्यक असे. १८ मार्च २००६ रोजी बीदरजवळ सरावात एक विमान कोसळून दोन वैमानिक व २१ जानेवारी २००९ रोजी तेथेच दुसऱ्या अपघातात एक वैमानिक मरण पावला. नौदलाचे ‘सागर पवन’ हे किरण विमानांचे पथक गोव्यातील दाबोळी येथील आयएनएस हंसा तळावर होते. ३ मार्च २०१० रोजी हैदराबाद येथील बेगमपेट विमानतळावरील प्रदर्शनात त्याचे एक विमान जवळच्या वस्तीतील इमारतीवर कोसळले व त्यातील दोन्ही अधिकारी मरण पावले. त्यानंतर हे पथक पुन्हा उभे राहिले नाही.

२०११ मध्ये प्रशिक्षणासाठी विमाने अपुरी पडू लागल्याने ‘सूर्यकिरण’ पथक स्थगित झाले व २०१५ मध्ये हॉक मार्क-१३२ विमानांसह त्याची पुन्हा उभारणी झाली. हॉकमध्ये शून्य-शून्य क्षमतेची आसने आहेत. १९ फेब्रुवारी २०१९ रोजी बंगळुरूजवळील येलहंका येथे ‘एरो इंडिया’ प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी सराव करताना पथकाची दोन विमाने आकाशात एकमेकांवर आदळली. दोन वैमानिक उत्क्षेपणाने वाचले. विंग कमांडर साहिल गांधी मृत्युमुखी पडले. एकाच अपघातात, एकाच प्रकारच्या आसनांवर बसलेल्या तिघांपैकी दोघे वाचावेत व एक वाचू नये, यावरून टकरीनंतरची विमानाची स्थिती व हाती उरलेला क्षण किती निर्णायक असतो ते कळते. २१ नोव्हेंबर २०२५ रोजी दुबई येथील प्रदर्शनात तेजस हे भारतीय बनावटीचे विमान कमी उंचीवरील कसरतीत कोसळून विंग कमांडर नमांश स्याल मरण पावले. तेजसमध्येही आधुनिक शून्य-शून्य आसन असते. मार्च २०२४ मध्ये जैसलमेरजवळ कोसळलेल्या तेजसचा वैमानिक अशाच आसनाने सुखरूप उतरला होता.

महाराष्ट्रातील अनुभव : मिग-२१ विमानांच्या निर्मितीसाठी १९६४ मध्ये ओझर येथे हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा विभाग उभा राहिला. मिग-२१ च्या निरनिराळ्या आवृत्त्या, नंतर मिग-२७ व या शतकात सुखोई-३० एमकेआय अशी विमाने तेथे बांधली गेली. मिग-२१ च्या आरंभीच्या आवृत्तीत कक्षाचे आच्छादनच आसनाला चिकटून बाहेर पडे व हवेच्या झोतापासून वैमानिकाची ढाल बने. ही कल्पकता मोठी होती. पण सुटकेची क्रिया गुंतागुंतीची होत असल्याने पुढील आवृत्त्यांत साध्या रचनेचे नवे आसन आले. २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंडीगढ येथील समारंभात मिग-२१ भारतीय हवाई दलातून निवृत्त झाले.

एके काळी ‘थंडरबोल्ट्‌स’ची हंटर विमाने उडविणारे विसावे स्क्वॉड्रन २००२ मध्ये लोहगाव येथे सुखोई-३० एमकेआय स्वीकारणारे पहिले स्क्वॉड्रन ठरले. या दोन आसनी विमानात के-३६ आसने आहेत. १३ डिसेंबर २०११ रोजी पुण्याजवळ वाडे बोल्हाई येथे असे एक विमान कोसळले. दोन्ही वैमानिक उत्क्षेपणाने सुखरूप उतरले. १४ ऑक्टोबर २०१४ रोजी दुसरे विमान लोहगावला उतरण्याच्या बेतात असताना त्याची दोन्ही आसने सुटली व विमान थेऊर परिसरात कोसळले. आपण मूठ ओढली नसताना आसने सुटल्याचे वैमानिकांनी सांगितले. हवाई दलाने या जातीच्या सर्व विमानांची उड्डाणे थांबवून आसनांची तपासणी केली. रशियन तज्ञांनी मात्र आसने आपोआप सुटल्याचे मान्य केले नाही. तपासणीनंतर उड्डाणे पुन्हा सुरू झाली. ४ जून २०२४ रोजी नाशिक जिल्ह्यात निफाड तालुक्यातील शिरसगाव येथे सुखोई-३० एमकेआय विमान चाचणी-उड्डाणात शेतात कोसळले. दोन्ही वैमानिक वाचले.

हे तिन्ही अपघात प्रदर्शनांतील नव्हेत. तथापि प्रदर्शन-उड्डाणांच्या दृष्टीने त्यांतून दोन गोष्टी शिकता येतात. आसनावर वैमानिकाचा पूर्ण विश्वास असल्याशिवाय तो वेळेवर मूठ ओढणार नाही. म्हणूनच आसनाविषयीची एकही शंका अनुत्तरित ठेवता येत नाही व तिच्यासाठी संपूर्ण ताफा जमिनीवर ठेवणेही योग्य ठरते. दुसरे असे की, वैमानिक बाहेर पडल्यावर विमान निर्मनुष्य अवस्थेत पुढे जाते व इंधनासह कोठेतरी आदळते. वाडे बोल्हाई, थेऊर व शिरसगाव येथे मोकळे शेतरान असल्याने मोठी प्राणहानी टळली.

भूप्रदेशाची निवड : अशी मोकळीक सर्वत्र नसते. पालघर जिल्ह्यातील बोईसर–तारापूर पट्ट्याचा या दृष्टीने विचार करण्यासारखा आहे. तेथे समुद्रकाठी १९६९ मध्ये सुरू झालेले भारतातील पहिले अणुवीजकेंद्र आहे. त्याच्या परिसरात २००५-०६ मध्ये प्रत्येकी ५४० मेवॉ. क्षमतेच्या आणखी दोन अणुभट्ट्या कार्यान्वित झाल्या. काही किलोमीटरांवर बोईसरजवळ महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची तारापूर वसाहत असून तीत रसायने, औषधे, पोलाद व कापड यांचे कारखाने आहेत. मुंबई–अहमदाबाद लोहमार्ग पालघर व बोईसरमधून जातो. किनाऱ्यावर मच्छीमारांची गावे व आत दाट कामगारवस्ती आहे. अणुभट्टीभोवती काँक्रीटचे भक्कम कवच असले, तरी रसायनांच्या टाक्या, विजेच्या तारा, रेल्वेगाड्या व घरे यांना तसे कवच नसते. अशा प्रदेशात वैमानिकासमोर कठीण पेच उभा राहील. आसन वापरण्याचा योग्य क्षण व विमान सोडण्यास योग्य जागा यांची गाठ तेथे पडेलच असे नाही. जागा शोधण्यात गेलेला सेकंद आसनाच्या हिशेबातून वजा होतो.

हा पेच आकाशात सोडविता येत नाही. तो प्रदर्शनाची जागा ठरवितानाच सोडवावा लागतो. २२ ऑगस्ट २०१५ रोजी इंग्लंडमधील शोरम येथे एक जुने हंटर विमान प्रदर्शनात कोसळले, तेव्हा मृत्युमुखी पडलेले अकराही जण विमानतळाच्या कुंपणाबाहेर, लगतच्या हमरस्त्यावर होते. प्रेक्षकांसाठी आखलेली सुरक्षा-रेषा तेथे पाळली गेली होती. रस्त्यावरून जाणाऱ्यांचा विचार मात्र अपुरा पडला. प्रेक्षक नसलेल्या माणसांचाही हिशेब धरावा लागतो, हा त्या अपघाताचा बोध होय. बोईसर–तारापूरसारख्या पट्ट्याचे उदाहरण येथे उपयोगी पडते ते यासाठीच.

या कारणास्तव समुद्रकिनारा प्रदर्शनास सोयीचा मानला जातो. १२ ते १४ जानेवारी २०२४ या काळात मुंबईत मरीन ड्राइव्हसमोर हवाई दलाची प्रदर्शने झाली, तेव्हा प्रेक्षक किनाऱ्यावर व विमाने पाण्यावर अशी मांडणी होती. समुद्रामुळे जमिनीवरील माणसांचा धोका घटतो, परंतु वैमानिकाचा वाढतो. २६ नोव्हेंबर २०२० रोजी गोव्याच्या समुद्रात नौदलाचे मिग-२९के विमान पडले. एका वैमानिकाची लवकर सुटका झाली. कमांडर निशांत सिंग यांचा मृतदेह मात्र अकरा दिवसांच्या शोधानंतर मिळाला. विमानातून सुटका आणि समुद्रातून सुटका या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. समुद्रावरील प्रदर्शनात बचाव-नौका व हेलिकॉप्टर सज्ज ठेवणे म्हणूनच अत्यावश्यक ठरते.

सुरक्षिततेची तत्त्वे : आजवरच्या अनुभवातून काही तत्त्वे सर्वत्र स्वीकारली गेली आहेत. प्रत्येक कसरतीसाठी आरंभीची किमान उंची व वेग ठरलेला असावा. तो आकडा मिळाला नाही, तर कसरत सुरूच करू नये. विमानाची ऊर्जा प्रेक्षकांच्या दिशेने रोखलेली नसावी. नव्या ठिकाणी तेथील उंची, वारा, तापमान व पक्ष्यांचा वावर यांचा विचार करून प्रत्यक्ष सराव व्हावा. वैमानिकाने कोणत्या क्षणी विमान सोडावयाचे, हा निर्णय जमिनीवर शांतपणे घेतलेला असावा. आकाशात त्याची केवळ अंमलबजावणी व्हावी. आणि कसरत अर्धवट सोडून परत आलेल्या वैमानिकाला कमीपणा वाटू नये, अशी पथकाची शिस्त असावी.

याबरोबरच पडद्याआडच्या माणसांचे महत्त्व विसरता येत नाही. आसनातील काडतुसे व रॉकेटे मुदतीत बदलणे, छत्रीची घडी घालणे, खिळा मोजून काढणे व परत बसविणे, बोल्ट ठरलेल्या मापानेच आवळणे ही कामे करणारे तंत्रज्ञ प्रेक्षकांना कधी दिसत नाहीत. त्यांच्या कामाची परीक्षा बहुधा होतच नाही, कारण बहुतेक आसने एकदाही न वापरता निवृत्त होतात. आणि झालीच तर ती एकदाच व दोन-तीन सेकंदांत होते.

उत्क्षेपण आसन हा सुरक्षिततेचा शेवटचा उपाय आहे. त्याच्या सुधारणेने वैमानिकाच्या मृत्यूचा संभव घटला. अपघाताचा संभव मात्र त्यामुळे घटत नाही. १९४२ मध्ये शेंक यांच्यापाशी उंचीची शिल्लक होती, म्हणून त्या काळच्या साध्या आसनानेही त्यांना वाचविले. आजचे आसन कितीतरी पटींनी सरस असूनही जमिनीलगतच्या चुकीला ते पुरे पडेल अशी शाश्वती नाही. प्रदर्शन-उड्डाण सुरक्षित करावयाचे झाल्यास उंची, जागा व निर्णय यांचे नियम मूठ ओढण्याची वेळ येण्यापूर्वीच पाळले गेले पाहिजेत.